पारव्याच्या गळ्याचा रंग

सावद्यात, मे महिन्यात, दुपारी
भिंगाला हात लावायचा नाही.
निंबाजी फेगड्यांचा हा पहिला नियम.
सेहेचाळीस अंशांत जुनं ग्रीस पाघळतं,
डायफ्रामवर उतरतं,
आणि दहाही पाती एकमेकींना चिकटून बसतात
केळीच्या फणीसारखी.

पहाटे पाचला, फरशीवर पाणी मारून झालं की
ते पेटी उघडत.
पितळेची नळी, कडेला झिजलेली जर्मन अक्षरं.
काचेवर लेप नाही. लेपाची रीत यायच्या आधीची ती,
नुसती काच,
आत दोन बुडबुडे, मोहरीएवढे.
"फोटोत उतरले तं मले सांगजो."
कधी उतरले नाहीत.

आधी फुंकणी.
मग कुंचला, गालावर फिरवून पाहिलेला.
मग सात पाण्यांनी मऊ झालेल्या धोतराचा तुकडा,
तोंडाची एक वाफ,
आणि मधून कडेकडे, एकदाच.
परत फिरायचं नाही.
धुळीनं भिंग मेलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.
पुसून पुसून मेलेली बरीच.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची.
ते रावेरला लग्नाची ऑर्डर घेऊन गेले होते
दुसरा कॅमेरा घेऊन,
आणि मला पुढच्या काचेवर दिसला
निळा-जांभळा डाग,
पारव्याच्या गळ्यावर असतो तसा.
वाटलं, आल्यावर खूश होतील.
दंतमंजन घेतलं. अर्धा तास घासलं.
काच विहिरीच्या पाण्यासारखी झाली.

त्यांनी ती खिडकीशी तिरपी धरली.
बराच वेळ धरली.
बाहेर केळीचे ट्रक स्टेशनाकडे चालले होते.
"डाग नई व्हता तो, द्वारके.
पन्नास वर्साचं ऊन पेलं व्हतं काचेनं.
त्या निळ्यातून उजेड जास्त जात व्हता,
कमी नई."
एवढंच. चहाही घेतला त्यांनी माझ्या हातचा.

त्यानंतरच्या पहिल्याच नवरीच्या तोंडावर
खिडकीचा पांढरा पदर आला.
केस काळे आले नाहीत, राखेचे आले.
मग मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला,
आतून समईची काजळी धरली,
टोपडं केलं भिंगाला.
तेही पुरायचं नाही. तेव्हापासून
फोटो घेताना माझा डावा हात वर,
उन्हाला आडवा,
शेतात दुरून कोण येतंय ते पाहावं तसा.
लोक विचारतात, बाई, नमस्कार कुणाला?

निंबाजींना पुढे मोतीबिंदू झाला.
जळगावला, टेबलावर निजल्यानिजल्या
त्यांनी डॉक्टरांना विचारलं,
"साहेब, हे जे भिंग बसवता,
याले लेप आहे का?"
नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत,
आहे म्हणाले.

घरी आले. पट्टी निघाली.
जुन्या प्रिंटांचा खोका मागवला.
वसंता बोंड्याची केळीबाग, पाठीमागून ऊन,
पानं पेटल्यासारखी
आणि मधे वसंता, अर्धा विरघळलेला.
"लय धुकं ठेवलं गं मी
लोकाईच्या तोंडावर."
दुसरा पाहिला, तिसरा पाहिला.
मग माझ्याकडे पाहिलं, नव्या डोळ्यानं,
आणि मला पहिल्यांदाच
चेहऱ्याच्या सुरकुत्या झाकाव्याशा वाटल्या.
"पन बरे दिसत व्हते," म्हणाले,
आणि खोका बंद केला.

आता पेटी माझ्याकडे आहे.
श्रावणात बुरशी जाळी विणते म्हणून
बरणीत, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीशेजारी.
महिन्यातून एकदा सकाळच्या उन्हात घटकाभर.
आतल्या दोन काचांमधला डिंक
कडेनं पिवळा पडू लागलाय;
त्याला उपाय आहे म्हणतात,
पण माझा हात तेवढा स्थिर नाही.

या वर्षी पुढच्या काचेवर, डावीकडे,
नखाएवढं काही निळं दिसलं.
खिडकीशी नेलं. तिरपं धरलं.
फुंकणी मारली दोनदा,
आणि धोतराचा तुकडा
घडी न मोडता परत ठेवला.